बंबाच्या लाकडावरची छत्री: आधी उलटी करून पाहा

पत्र: आमच्याकडे अजून पाणी तापवायला बंब आहे. त्यासाठी आणलेली बाभळीची लाकडं परसात भिंतीला लावून ठेवली आहेत. सप्टेंबरच्या पावसात त्यांच्यावर नखाएवढ्या, पंख्याच्या आकाराच्या पांढरट-करड्या छत्र्या उगवल्या. देठ असा नाहीच, वरून लोकरीसारख्या लागतात. ऊन पडलं की आक्रसतात, पाऊस आला की पुन्हा फुलतात. बाजूला तोडलेल्या चिंचेचा बुंधा आहे, त्याच्या पायथ्याशी रातोरात शेकड्यांनी बारक्या छत्र्या आल्या आणि दोन दिवसांत करड्या-काळ्या पडल्या. मुलाने फोटो काढून मोबाईलच्या ॲपला विचारलं, तर त्याने पंख्यांना धिंगरी (ऑयस्टर मशरूम) म्हणून सांगितलं. सासूबाई म्हणतात, शिजवताना चांदीची अंगठी टाका, ती काळी पडली नाही तर खायला हरकत नाही. ही नेमकी कोणती? खाता येतील का? जवळच्या कडुलिंबाला काही होईल का?
(एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर: ताई, खाण्याचं उत्तर आधी देतो, कारण ते थांबवून ठेवण्यासारखं नाही. दोन्ही छत्र्या पातेल्यात जाऊ देऊ नका. सासूबाईंना सांगा, अंगठी बोटातच बरी. चांदी गंधकाच्या संयुगांनी काळवंडते आणि अळंबीतल्या विषांचा त्याच्याशी काही संबंध नाही. लसूण किंवा तांदूळ टाकून रंग बघणं, किड्याने खाल्लेली छत्री निर्धास्त समजणं, दोनदा उकळून पाणी फेकणं, हे सगळं त्याच माळेतलं. यकृत निकामी करणारी अमाटॉक्सिन नावाची विषं उकळून, तळून किंवा वाळवून नष्ट होत नाहीत. गोगलगायी तर अशा विषारी छत्र्या खुशाल कुरतडतात.

आता ओळख. तुम्ही पत्रात एक गोष्ट फार नेमकी टिपली आहे: ऊन पडलं की आक्रसतात, पाऊस आला की फुलतात. फोटोपेक्षा या एका वाक्याचा उपयोग जास्त झाला. मऊ मांसल अळंबी एकदा सुकली की संपली, तिच्यावर पाणी ओतलं तरी ती चिकट होऊन सडते. सुकून पुन्हा जिवंत होणाऱ्या, लाकडावरच्या, लोकरी, पंख्यासारख्या छत्र्यांत पहिलं नाव येतं ते स्किझोफिलम कॉम्यून. अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांत सापडणारी ही बुरशी आहे. आपल्याकडे ती तगते त्यामागे कारण आहे. सोलापुरात वर्षाचा पाऊस मुळात कमी, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरमध्ये, आणि दोन सरींच्या मध्ये आठ-आठ दिवस कोरडे. अशा हवेत लांब देठाची नाजूक छत्री उभी राहायला वेळच मिळत नाही. जिला मिटून वाट बघता येते तीच टिकते.

पण "दिसते तशी" म्हणजे "तीच" नव्हे. खात्री करायची तर छत्री उलटी करा. ॲप चुकलं ते इथेच. वरून काढलेल्या फोटोत धिंगरी, स्किझोफिलम, क्रेपिडोटस आणि आणखी पाच-सात पंखे सारखेच दिसतात. फरक सगळा खालच्या बाजूला असतो.

ताज्या पावसानंतर सकाळी, ऊन चढायच्या आत, एक पंखा लाकडाच्या सालीसकट कापून घ्या. नुसता ओढलात तर चिकटण्याची जागा तुटते आणि देठ होता की नव्हता हे कळत नाही. खालून पाहा. एका टोकापासून पंख्याच्या काड्यांसारख्या पसरलेल्या करड्या-गुलाबी पाती दिसतील. या पातींना पुस्तकात कल्ले म्हणतात. आता नव्या ब्लेडने त्यांना आडवा छेद द्या आणि दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून कापलेली कड बघा. सराफ वापरतात ते डोळ्याला लावायचं भिंग चालतं. स्किझोफिलम असेल तर प्रत्येक पात कडेला उभी चिरलेली दिसेल, म्हणजे पाठीला पाठ लावलेले दोन पातळ पापुद्रे. ओला नमुना असेल तर दोन्ही पापुद्रे जवळजवळ सरळ उभे असतात. तोच तुकडा विजेच्या पंख्याखाली वाळू द्या. पापुद्रे आपापल्या बाजूला बाहेर वळतात, शेजारच्या पातीच्या पापुद्र्याला जाऊन मिळतात आणि बीजाणू, म्हणजे बुरशीचं धुळीसारखं बारीक बी, तयार होणारा भाग आत झाकला जातो. पुन्हा पाण्याचा थेंब टाका, उघडतो. मुलाला हे दाखवा. एवढ्या एका खुणेवर या बुरशीची ओळख नव्वद टक्के पक्की होते, कारण अशी चिरलेली पात दुसऱ्या नेहमीच्या छत्रीत सापडत नाही.

बाकीच्या खुणा ताडून बघायला: रुंदी साधारण एक ते चार सेंटीमीटर, वरचा पृष्ठभाग दाट केसाळ, वाळला की पांढरा आणि भिजला की करडा-तपकिरी. गर अगदी पातळ, चामड्यासारखा. दोन बोटांत पिळला तर तुटत नाही, वाकतो. देठ नाही, किंवा चिकटण्याच्या जागी एक निमुळता बुडखा. कड अनेकदा फाटून पाकळ्यांसारखी होते.

उरलेले दहा टक्के बीजाणूंच्या ठशावर, म्हणजे कल्ल्यांतून खाली पडून साचणाऱ्या त्यांच्या थराच्या रंगावर. अळंबी ओळखताना हा ठसा टाळणारा माणूस अंदाजच करत असतो, मग त्याचा अनुभव कितीही असो. पद्धत साधी आहे, पण सोलापूरच्या हवेत ती ज्या कारणांनी फसते ती वेगळी आहेत, म्हणून जरा सविस्तर.

जुन्या फोटोफ्रेमची काच घ्या, धुऊन कोरडी पुसा. कागदापेक्षा काच बरी, कारण पांढरे बीजाणू पांढऱ्या कागदावर दिसत नाहीत. काचेखाली आधी काळा आणि मग पांढरा कागद सरकवून दोन्ही पाहता येतात. स्किझोफिलमचे पंखे वाकडे असल्याने काचेवर सपाट बसत नाहीत. म्हणून उलटा विचार करा. आधी पंखे ओल्या सुती फडक्यात गुंडाळून दोन-तीन तास ठेवा, पूर्ण उघडू द्या, वरचं मोकळं पाणी टिपून घ्या. मग डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला व्हॅसलिनचा ठिपका लावून पंख्याची केसाळ पाठ त्यावर चिकटवा. कल्ल्यांचं तोंड खाली आणि काचेपासून पाच-सात मिलीमीटर वर. काचेवर झाकण उपडं ठेवा. आत एका कोपऱ्यात पिळलेल्या ओल्या कापसाचा गोळा ठेवा, नाहीतर तासाभरात पंखे पुन्हा मिटतील आणि तुम्ही सकाळी कोरी काच बघत बसाल. रात्रभर, गरज पडली तर चोवीस तास ठेवा.

पंखा चालू असलेल्या खोलीत ठेवू नका. झाकणाच्या फटीतून वारा शिरला तरी बीजाणू उडून ठसा विरतो. कापूस ठिबकेल इतका ओला नको, कारण पाण्यात भिजलेल्या ठशाचा रंग फसवा असतो. तीन दिवस फ्रीजमध्ये पडलेला किंवा हिरवी बुरशी चढलेला नमुना घेऊ नका, त्यातून दुसऱ्याच बुरशीचे बीजाणू पडतात. आणि ठसा पातळ पडला तर रंग लगेच ठरवू नका: ब्लेडने खरवडून एकत्र ढीग करा आणि दिवसाच्या उजेडात, खिडकीशी बघा. पिवळ्या बल्बखाली पांढरा ठसा क्रीम दिसतो आणि क्रीम ठसा तपकिरी. स्किझोफिलमचा ठसा पांढरा, कधी किंचित गुलाबी झाक असलेला.

तपकिरी ठसा आला तर? मग तुमच्या हातात बहुधा क्रेपिडोटस आहे. हा आपल्या हवेतला सगळ्यात जवळचा नकलाकार म्हणायचा. तोही देठ नसलेला, पंख्यासारखा, मेलेल्या लाकडावर येतो. पण तो मऊ असतो, बोटाने दाबला की चेपतो, कल्ले चिरलेले नसतात आणि वय झालं की बीजाणूंमुळे खालची बाजू मातकट तपकिरी होते. ॲपने सांगितलेली धिंगरी निघाली असती तर गर जाड आणि लुसलुशीत लागला असता, कल्ले पांढरे आणि सलग असते, आणि ठसा पांढरा ते फिकट जांभळट. खाली कल्ल्यांऐवजी सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली तर ती सच्छिद्र बुरशी, बहुतेक ट्रॅमेटीसच्या गटातली; खालून गुळगुळीत असेल तर स्टेरियमसारखी. त्यांत फार शिरायची गरज नाही. खाली काय आहे, चिरलेली पात, सलग पात, भोकं की गुळगुळीत, हे एवढं पाहिलं की अर्धे घोळ तिथेच मिटतात.

चिंचेच्या बुंध्याकडच्या छत्र्या वेगळ्या. शेकड्यांनी, दाटीवाटीने, दोन दिवसांत करड्या-काळ्या, या वर्णनावर कॉप्रिनेलस डिसेमिनॅटस बसते. टोपी अर्धा ते दीड सेंटीमीटर, आधी अंड्यासारखी आणि मग घंटेसारखी, कडेपासून वरपर्यंत बारीक चुण्या पडलेल्या, सुरुवातीला क्रीम आणि नंतर करडी. देठ पांढरा, पोकळ, स्पर्शाने मोडणारा. तिच्या जातभाईंपैकी बऱ्याच छत्र्या म्हातारपणी वितळून शाईसारखा रस सोडतात, ही मात्र तशी वितळत नाही, वाळते. ठसा काळपट तपकिरी ते काळा. नाजूक असल्याने देठ टोपीच्या बरोबरीने कात्रीने कापा, टोप्या थेट काचेवर ठेवून वर वाटी झाका. चार-सहा तास पुरतात. हिच्याशी घोळ होतो तो साथायरेलाचा, तिचाही ठसा गडद तपकिरी. दोघींतला फरक घरच्या साधनांत पक्का होईलच असं नाही. टोपीवर भिंगातून बारीक केस आणि खोल चुण्या दिसल्या, शिवाय दाटी शेकड्यांची असली, की कॉप्रिनेलसकडे झुकायचं. एवढ्याशा कागदी टोप्यांत खाण्याजोगा गरच नाही, त्यामुळे हा वाद स्वयंपाकघरापर्यंत येत नाही.

एक पाहून घ्या. त्यातल्या काही छत्र्या बुंध्यापासून हात-दोन हात लांब, मातीतून आल्यासारख्या दिसत असतील. स्क्रू-ड्रायव्हरने माती हळूच बाजूला करा, खाली चिंचेचं मेलेलं मूळ किंवा पुरलेली ढलपी लागेल. मातीत उगवली की लाकडावर, यावर ओळखीची अर्धी दिशा ठरते, आणि न उकरता "मातीतली" असं लिहिलं की पुढची सगळी शोधाशोध चुकीच्या वाटेने जाते.

लाकडावरच्या बारक्या तपकिरी छत्र्यांची भीती का बाळगायची, तेही सांगतो. थंड प्रदेशांतल्या जंगलांत कुजक्या ओंडक्यांवर गॅलेरिना मार्जिनाटा नावाची दोन-चार सेंटीमीटर टोपीची, मधासारख्या रंगाची छत्री येते. गंजासारखा तपकिरी ठसा, देठावर कधी पुसटशी कडी. तिच्यात तेच अमाटॉक्सिन असतं. खाल्ल्यावर सहा ते चोवीस तास काहीच होत नाही, मग उलट्या-जुलाब, मग एखादा दिवस बरं वाटतं, आणि त्याच सुमारास यकृताची नासाडी चालू असते. ती तुमच्या परसात येईल असं म्हणायचं नाही. पण लोक सहलीला हिमाचल-उत्तराखंडला जातात, तिथे ओंडक्यावर काहीतरी ओळखीचं दिसतं आणि "आमच्याकडे पण असंच येतं" म्हणून हात पुढे जातो. लाकडावरची तपकिरी ठशाची छत्री खायची नाही, हा नियम कुठेही पाळा. कुणी काही खाऊन बसलंच, तर उलटी व्हायची वाट न बघता 108 ला फोन करा किंवा थेट सिव्हिल हॉस्पिटल गाठा. उरलेल्या छत्र्या, अगदी शिजवलेल्या किंवा कचऱ्यात टाकलेल्याही, कागदात गुंडाळून सोबत न्या आणि कधी खाल्लं ती वेळ लिहून ठेवा. डॉक्टर पहिल्यांदा तीच विचारतील.

तुम्ही म्हणाल, स्किझोफिलम तर खातात ना? खातात. मणिपूरच्या बाजारात ती कांगलायेन या नावाने विकायला असते आणि तिथल्या घरांत तिचे पदार्थ होतात. तिथे ती ओळखणाऱ्या हातांनी, जंगलातल्या लाकडावरून गोळा केलेली असते. तुमच्या ढिगातली लाकडं कुठून आली हे तुम्हाला ठाऊक आहे का? वखारीतल्या लाकडांत जुन्या चौकटी, रंगाचे, वॉर्निशचे आणि वाळवीचं औषध मारलेले तुकडे मिसळलेले असतात, आणि बुरशी ज्या लाकडावर वाढते त्यातून जड धातू शोषून घेते. शिवाय चव म्हणाल तर चामडं चावल्यासारखी. पावसाळ्यात अळंबी खावीशी वाटली तर बाजारातली धिंगरी आणा.

या बुरशीबाबत आरोग्याची आणखी एक बारीक गोष्ट आहे, ती खाण्याची नसून श्वासाची आहे. तिचे बीजाणू हवेतून नाकात जाऊन काही लोकांना सायनसचा किंवा दम्यासारखा ॲलर्जीचा त्रास होतो, आणि प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्यांत क्वचित फुफ्फुसात संसर्गही झाला आहे. घाबरायचं कारण नाही, ती सगळीकडे असतेच. मात्र घरात दम्याचा किंवा केमोथेरपी चालू असलेला पेशंट असेल तर ढीग उपसताना त्यांनी लांब राहावं, उपसणाऱ्याने तोंडाला मास्क लावावा, आणि लाकडं कोरडी झाडण्याऐवजी आधी पाणी शिंपडावं.

कडुलिंबाचं म्हणाल तर तो धडधाकट असेल, सालीला जखम नसेल, तर शेजारच्या ढिगामुळे त्याला काही होणार नाही. ही बुरशी मुळात मेलेल्या लाकडावर जगते. जिवंत झाडावर ती येते ती आधीच्या जखमेतून: उन्हाने भाजून फुटलेली साल, गाडी घासून सोललेलं खोड, कुऱ्हाडीने अर्धवट तोडलेली फांदी. मे महिन्यातल्या बेचाळीस अंशांत सिमेंटच्या भिंतीची धग लागणाऱ्या बाजूची साल भाजते, तिथेच नंतर पावसाळ्यात पंखे दिसतात. कडुलिंबावर कधी दिसलेच तर ती फांदी मेलेली समजा. कोरड्या दिवसांत, फांदी खोडाला मिळते तिथल्या फुगीर कड्याच्या जरा बाहेरून करवतीने कापा. खोडाशी सपाट कापलं तर जखम मोठी होते आणि भरून यायला वेळ लागतो. कापल्या जागी डांबर किंवा ऑइलपेंट फासायची गरज नाही, त्याखाली ओल अडकून उलट कुज वाढते. बुरशीनाशकाची फवारणीही वाया, कारण पंखा म्हणजे फक्त बीजाणू सोडणारा भाग; खरी बुरशी लाकडाच्या आत पसरलेली असते आणि औषध तिथवर पोचत नाही.

नमुना कुणा जाणकाराला दाखवायचा असेल तर फोटो चार काढा: जागेवरचा लाकडासकट, वरून, खालून आणि उभा कापून. शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा, ते बरोबर 27 मिलीमीटरचं असतं. लाकूड कोणतं, साल होती की नव्हती, आतलं लाकूड पांढरं भुसभुशीत झालंय की तपकिरी होऊन चौकोनी तडे गेलेत, तारीख, ठिकाण आणि ठशाचा रंग हे एका चिठ्ठीवर लिहा. स्किझोफिलमने लाकूड पांढरं कुजतं. नमुना प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, आपल्या उकाड्यात दुपारपर्यंत त्याचं पाणी होतं. कागदी पाकिटात घाला, सावलीत वाऱ्यावर कडक वाळवा. कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांपासून सुरुवात करा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशीशास्त्रज्ञ अजरेकर यांच्या नावाने बुरशींच्या नमुन्यांचं संग्रहालय आहे आणि तिथे बुरशींची ओळख पटवून देण्याचं कामही चालतं. नमुना पाठवायच्या आधी शुल्क आणि पद्धत विचारून घ्या. सिद्धेश्वर वनविहारात किंवा वन खात्याच्या दुसऱ्या जागेत काही दिसलं तर फोटोवर भागवा, परवानगीशिवाय तोडून आणू नका.

लाकडं फेकून द्यायची गरज नाही. पंखे आलेले ओंडके वेगळे काढून विटांवर, जमिनीपासून चार बोटं उंच, मध्ये फट ठेवून रचा आणि वरून पत्रा टाका. ताडपत्रीने चहूबाजूंनी गुंडाळू नका, आत घाम धरून महिनाभरात सगळा ढीग पंख्यांनी भरेल. बंबात ही लाकडं आधी वापरा. जी वजनाला हलकी आणि नखाने खरवडली जातील इतकी मऊ झाली असतील ती भराभरा जळून जातात, पाणी तापवायला दीडपट लागतील. त्यांचा उपयोग पेटवणाला करा.